आरोपीची इतर कृत्ये : न्यायालयात पुरावा म्हणून कधी चालतात, कधी नाही

आरोपीचे चारित्र्य वाईट असणे ही फौजदारी खटल्यात असंबद्ध गोष्ट आहे, असे भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चे कलम 49 सांगते. ज्या गुन्ह्याचा खटला चालू आहे तो सोडून आरोपीने आणखी काय काय केले, त्याच्यावर किती गुन्हे दाखल आहेत, पोलीस ठाण्यात त्याचे नाव कशासाठी घेतले जाते, यातले काहीही तो वाईट माणूस आहे हे दाखवण्यासाठी सरकार पक्षाला मांडता येत नाही. 1 जुलै 2024 पूर्वी हेच तत्त्व 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 54 म्हणून होते. क्रमांक बदलला, आशय तोच राहिला. त्यामुळे कलम 54 वरचे जुने निकाल आजही उपयोगी पडतात. जो खटला त्या तारखेला प्रलंबित होता तो तर जुन्याच कायद्याने चालतो, हे कलम 170 मध्ये स्पष्ट लिहिले आहे. म्हणून युक्तिवादाआधी कोणता कायदा लागू आहे ते पाहून घ्यावे.

काही खटल्यांत मात्र आरोपीचे दुसरे कृत्य मूळ वादात इतके गुंतलेले असते की ते बाजूला ठेवले तर वादच सुटत नाही. मग ते हेतू, जाणीव, कारण, तयारी किंवा ओळख अशा ठोस मुद्द्याचा पुरावा म्हणून ग्राह्य ठरते. अधिनियमाची कलमे 4 ते 13 ही मुभा देतात. दर वेळी तपासायची गोष्ट एकच असते : त्या दुसऱ्या कृत्यापासून आजच्या आरोपापर्यंतची वाट कुठून जाते? ‘हा माणूस तसलाच आहे, म्हणून हेही यानेच केले असणार’ या अनुमानातून ती जात असेल तर ती बंद. त्या अनुमानाची गरज न पडता ती आरोपापर्यंत पोचत असेल तर खुली.

बंदी कशासाठी

पूर्वीच्या कृत्याला तर्काने काहीच किंमत नाही म्हणून कायदा ते वगळतो, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. तीनदा घरफोडी केलेला माणूस चौथी घरफोडी करील असे कोणालाही सहज वाटते, आणि धोका त्या सहज वाटण्यातच आहे. मागचा इतिहास कानावर पडला की समोरचा पुरावा पातळ असला तरी पुरेसा वाटू लागतो. ‘या वेळी नसेलही केले, पण कधी ना कधी केलेच आहे’ असा विचार डोकावतो. एका आरोपाला उत्तर द्यायला आलेल्या माणसाला आयुष्यभराचा हिशेब द्यावा लागतो आणि त्याची तयारी त्याच्या वकिलाने केलेली नसते. तपासही बिघडतो. यादीतला माणूस उचलला की चौकशी तिथेच थांबते आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरतो.

महाराष्ट्राला हा धोका पुस्तकातून समजून घ्यावा लागत नाही. पुरावा कायद्याच्या आदल्याच वर्षी, 1871 मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि पुढे त्याखाली कुटुंबेच्या कुटुंबे जन्मानेच गुन्हेगार म्हणून नोंदवली गेली. अशा कुटुंबांना कोंडून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेमागे पिढ्या वाढल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, ही सवय आजही पुरती मोडलेली नाही. अशा माणसासाठी कलम 49 हा खराखुरा आधार आहे. त्याच्या जमातीचे नाव, त्याच्या भावावरचे गुन्हे, त्याचे ‘रेकॉर्ड’ यातले काहीही त्याच्याविरुद्धच्या आरोपाचा पुरावा नसते, हे त्याच्या वकिलाने न्यायालयात न संकोचता सांगितले पाहिजे.

कायदा बनवणाऱ्यांनाही ही जाण एकदम आली नाही. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेल्या 1872 च्या मूळ कायद्यात पूर्वीची दोषसिद्धी सरसकट संबद्ध मानली होती. 1891 च्या दुरुस्तीने ती तरतूद काढली आणि आजची रचना आणली.

चांगल्या वर्तणुकीचा पुरावा आणि त्याचा धोका

कलम 47 नुसार आरोपीला आपले चारित्र्य चांगले असल्याचा पुरावा देता येतो. पण असा पुरावा त्याच्या बाजूने आला की कलम 49 ची बंदी उठते आणि सरकार पक्षाला उत्तरादाखल वाईट चारित्र्याचा पुरावा देता येतो. पहिल्या खटल्यात उभे राहणारे तरुण वकील इथे हमखास चुकतात. फिर्यादीकडच्या शेजाऱ्याची उलटतपासणी चालू असते, साक्षीदार नरम वाटतो आणि वकील विचारतात, ‘आरोपी सरळमार्गी आहे, आजवर कोणाशी भांडणसुद्धा नाही, हे खरे ना?’ साक्षीदार हो म्हणतो. उलटतपासणीतले उत्तर हाही पुरावाच असतो. आरोपीला पाच वर्षांपूर्वी मारहाणीत शिक्षा झाली असेल, तर तो निकाल आता नोंदीवर आणायला सरकारी वकिलांना वाट मिळाली. म्हणून असा प्रश्न विचारण्याआधी अशिलाची पूर्ण माहिती घ्यावी. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, निकाली निघालेल्या, कुटुंबाला ठाऊक नसलेल्या प्रकरणांचीही चौकशी करावी.

दार उघडले तरी सगळे आत येत नाही. कलम 50 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे चारित्र्यात लौकिक आणि प्रवृत्ती दोन्ही येतात, पण पुरावा सर्वसाधारण लौकिकाचा आणि सर्वसाधारण प्रवृत्तीचाच द्यायचा असतो. सुट्या सुट्या प्रसंगांचा नाही. अपवाद कलम 49 चा : त्याच्या दुसऱ्या स्पष्टीकरणाने पूर्वीची दोषसिद्धी वाईट चारित्र्याचा पुरावा म्हणून संबद्ध ठरते. दोषसिद्धी म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवणे. दाखल गुन्हा, अटक किंवा प्रलंबित खटला ही दोषसिद्धी नव्हे. ‘याच्यावर सात गुन्हे आहेत’ हे वाक्य या स्पष्टीकरणात बसत नाही.

चारित्र्याच्या पुराव्याचे वजनही बेताचेच असते. भगवान स्वरूप लाल बिशन लाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतल्या विमा कंपनीच्या पैशांच्या अफरातफरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा पुरावा फार दुर्बळ असतो आणि गुन्ह्याच्या थेट पुराव्यापुढे तो टिकत नाही, असे मत दिले. जिथे पुरावा दोन्हीकडे झुकू शकतो तिथेच चांगल्या चारित्र्याची मदत होते. म्हणून दहा गावकऱ्यांचे दाखले गोळा करण्यापेक्षा मूळ पुराव्यातल्या विसंगतींवर वेळ घालवणे बहुधा शहाणपणाचे.

मनाची अवस्था : कलम 12

दुसऱ्या कृत्यांचा सर्वाधिक वापर कलम 12 खाली होतो. जुन्या कायद्यात ते कलम 14 होते. हेतू, जाणीव, सद्भावना, निष्काळजीपणा, विशिष्ट व्यक्तीबद्दलचा आकस अशी मनाची अवस्था वादात असेल तर ती दाखवणाऱ्या गोष्टी संबद्ध होतात. चोरीचा माल घेतल्याच्या आरोपात ‘चोरीचा आहे हे मला माहीत नव्हते’ असा बचाव असतो. त्याच वेळी त्याच दुकानात चोरीच्या इतर अनेक वस्तू सापडल्या असतील तर ते सांगता येते, कारण त्यातून जाणीव दिसते.

पण याच कलमाचे पहिले स्पष्टीकरण मर्यादा घालते : मनाची अवस्था सर्वसाधारणपणे नव्हे, वादातल्या विशिष्ट बाबीसंबंधी दिसली पाहिजे. कायद्यातले एक उदाहरण हे नेमके पकडते. ‘ब’ला गोळी घालून ठार मारल्याबद्दल ‘अ’वर खटला आहे. ‘अ’ने आधीही ‘ब’वर गोळी झाडली होती, हे संबद्ध. ‘अ’ला लोकांवर जीव घेण्याच्या हेतूने गोळ्या झाडायची सवय होती, हे असंबद्ध. पहिल्या गोष्टीतून ‘ब’बद्दलचा हेतू कळतो. दुसरीतून फक्त ‘अ’ कसा माणूस आहे ते कळते. युक्तिवादात हे उदाहरण वाचून दाखवावे. पानभर विवेचनापेक्षा ते जास्त काम करते.

या कलमाची खरी कसोटी 1881 च्या एका निकालात लागली. सैन्याला माल पुरवणाऱ्या खात्याच्या कचेरीत व्यवस्थापक असलेल्या व्यापुरी मुदलियार यांच्यावर 1876 मध्ये एका कंत्राटदार पेढीकडून तीन ठरावीक प्रसंगी लाच घेतल्याचा आरोप होता. 1877 आणि 1878 मध्येही त्यांनी त्याच पेढीकडून लाच घेतली, असा पुरावा सरकार पक्षाने पुढे केला. तोच माणूस, तीच पेढी, तसाच व्यवहार. पहिल्या नजरेत तो घ्यावा असेच वाटते. कलकत्ता उच्च न्यायालयाने तो नाकारला. 1876 चे पैसे घेतले की नाही, हा वाद होता. ते कोणत्या मनाने घेतले, हा वाद नव्हता. नंतरच्या वर्षांतल्या लाचा आधीच्या घटनेशी कोणत्याही धाग्याने जोडलेल्या नव्हत्या. त्या सिद्ध झाल्या असत्या तर कळले असते एवढेच, की हा माणूस लाच घेणारा आहे. पुरावा भक्कम दिसतो म्हणून तो ग्राह्य होत नाही, हे या निकालावरून शिकावे. नेमका वाद कशाचा आहे हे आधी एका वाक्यात लिहून काढावे आणि मगच दुसऱ्या कृत्याकडे वळावे.

मालिका : कलम 13

कृत्य अपघाताने झाले की जाणूनबुजून, किंवा ते विशिष्ट जाणिवेने वा हेतूने केले का, असा प्रश्न असेल, तर ते तशाच घटनांच्या मालिकेचा भाग होते आणि त्या प्रत्येकीत तोच माणूस होता, ही गोष्ट कलम 13 (जुने 15) खाली संबद्ध ठरते. कायद्यातले उदाहरण विम्याचे आहे. विम्याचे पैसे मिळवण्यासाठी घर जाळल्याचा आरोप असलेला माणूस आधी एकामागून एक अनेक घरांत राहिला, प्रत्येकाचा विमा उतरवला, प्रत्येकाला आग लागली आणि दर वेळी वेगळ्या कंपनीकडून त्याला पैसे मिळाले. एक आग अपघाताने लागते. प्रत्येक घराला लागत नाही.

या तत्त्वामागचे दोन ब्रिटिश अमलातले खटले वकिलांना माहीत असावेत. न्यू साउथ वेल्समधल्या मेकिन दांपत्याने पैसे घेऊन एक तान्हे मूल सांभाळायला घेतले होते आणि त्याचा मृतदेह अंगणात पुरलेला सापडला. ते दोघे आधी ज्या ज्या घरांत राहिले त्यांच्या आवारांतही तान्ह्या मुलांचे अवशेष निघाले. प्रिव्ही कौन्सिलने हा पुरावा ग्राह्य मानला आणि नियमाच्या दोन्ही बाजू सांगितल्या : आरोपी गुन्हेगारी वृत्तीचा आहे म्हणून गुन्हा त्यानेच केला असेल, एवढ्यासाठी दुसरी कृत्ये आणता येत नाहीत, अपघात की कट, अशा प्रश्नावर ती प्रकाश टाकत असतील तर आणता येतात.

1915 मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत जॉर्ज जोसेफ स्मिथवर एका पत्नीच्या खुनाचा खटला चालला. 1912 मध्ये ती न्हाणीतल्या टबात मेलेली सापडली होती. त्यानंतर त्याने वेगवेगळ्या नावांनी आणखी लग्ने केली आणि त्या बायकांपैकी दोघी 1913 आणि 1914 मध्ये टबातच मेल्या. तिन्ही वेळा आधी डॉक्टरांकडे नेऊन पत्नीच्या तब्येतीची तक्रार मांडली होती, तिन्ही वेळा पत्नीच्या मृत्यूतून स्मिथला पैसा मिळणार होता. आरोप एकाच खुनाचा होता, तरी नंतरच्या दोन मृत्यूंचा पुरावा न्यायालयाने घेतला. दुसरे कृत्य नंतरचे असले तरी चालते, हेही या खटल्यातून लक्षात ठेवावे.

मालिकेचा पुरावा देणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. साम्य वरवरचे नसावे. ‘दोन्ही घरफोड्या रात्री झाल्या’ हे साम्य नाही, कारण बहुतेक घरफोड्या रात्रीच होतात. दुसरे, प्रत्येक घटनेत आरोपीचा संबंध स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे. पहिल्या घटनेवरून दुसरीत तोच होता असे धरायचे आणि मग दुसरीवरून पहिली सिद्ध करायची, हा गोल फिरणारा युक्तिवाद अनेक दोषारोपपत्रांत असतो. बचाव पक्षाने तो उघडा पाडावा.

कारण, तयारी, ओळख

कलम 6 खाली (जुने 8) गुन्ह्याचे कारण, तयारी आणि आधीचे-नंतरचे वर्तन संबद्ध असते. कायद्यातले उदाहरण बोलके आहे : ‘ब’च्या खुनाचा खटला असलेल्या ‘अ’ने आधी ‘क’चा खून केला होता, ‘ब’ला ते कळले होते आणि ते फोडण्याची धमकी देऊन ‘ब’ पैसे मागत होता. इथे आधीचा खून सांगावाच लागतो, कारण नंतरच्या खुनाचे कारण त्यातच आहे. तसेच, ‘ब’ने ‘अ’विरुद्ध बदनामीचा खटला केला आणि त्यात ‘अ’ला शिक्षा झाली, हेही ‘ब’च्या खुनाच्या खटल्यात वैराचे कारण म्हणून येते. गावातल्या बांधाच्या, भाऊबंदकीच्या खटल्यांत जुन्या तक्रारी नेहमी याच कलमाखाली येतात. मात्र त्या फिर्यादी आणि आरोपी यांच्यातल्या असाव्यात. आरोपीची तिसऱ्याच शेजाऱ्याशी झालेली मारामारी यात बसत नाही.

एकाच व्यवहारातली कृत्ये कलम 4 खाली येतात. समजा, सकाळी सहाला एक मोटारसायकल चोरीला गेली आणि साडेसहाला तिच्यावरून आलेल्या दोघांनी एका बाईंच्या गळ्यातली सोनसाखळी ओढली. सोनसाखळीच्या खटल्यात मोटारसायकलची चोरी सांगितल्याशिवाय हकिकतच पुरी होत नाही. त्याच दोघांनी मागच्या वर्षी दुसऱ्या शहरात साखळ्या ओढल्या होत्या, ही बाब मात्र या कलमात येत नाही. कटाच्या खटल्यात कलम 8 खाली सहआरोपींची कृत्येही येतात, पण कट झाल्याचे मानायला वाजवी आधार असावा लागतो आणि ती कृत्ये सामाईक हेतूच्या संदर्भातली असावी लागतात.

काही गुन्ह्यांत आधीची कृत्ये हा गुन्ह्याचाच घटक असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खालच्या क्रूरतेत किंवा कलम 80 खालच्या हुंडाबळीत विवाहितेचा आधीचा छळ हाच वादाचा विषय आहे. तो ‘इतर कृत्य’ म्हणून वगळा अशी हरकत चालणार नाही. माहेरी केलेले फोन, पाठवलेले निरोप, आधी दिलेल्या तक्रारी हे सारे तिथे थेट पुराव्यात येते.

पूर्वी निर्दोष सुटका झाली असेल तर

दुसऱ्या कृत्याबद्दल आरोपी आधीच निर्दोष सुटला असेल तर बचाव पक्षाच्या हाती बळकट मुद्दा असतो. प्रीतम सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1956 च्या निकालात खुनाच्या खटल्यात आरोपीकडे रिव्हॉल्वर सापडल्याचा पुरावा वापरला होता, पण ते रिव्हॉल्वर बाळगल्याच्या आरोपातून तो आधीच सुटला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा त्याच्याविरुद्ध वापरू दिला नाही. एका खटल्यात आरोपीच्या बाजूने ठरलेला तथ्याचा मुद्दा दुसऱ्या खटल्यात उलटवता येत नाही, हे तत्त्व पुढे 1960 च्या दशकात मणिपूरच्या एका प्रकरणातही कायम झाले. म्हणून जुन्या निकालाची प्रमाणित नक्कल आधीच काढून ठेवावी.

मकोका आणि सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे

महाराष्ट्रात हा विषय मकोकाशिवाय पुरा होत नाही. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 1999 च्या या कायद्यात ‘सततच्या बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येतच मागील दहा वर्षांत न्यायालयाने दखल घेतलेली एकाहून अधिक दोषारोपपत्रे असावी लागतात. ती वगळा म्हणता येत नाही. शिवाय कलम 17 पुरावा कायद्याला बाजूला सारून न्यायालयाला काही गोष्टींना पुराव्याचे मूल्य देऊ देते : आरोपीकडून पूर्वी चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतले होते, तो स्थानबद्ध होता किंवा त्याच्यावर याआधी मकोकाचाच खटला झाला होता. सामान्य कायद्याने जे दार बंद ठेवले ते इथे विधिमंडळाने उघडले, म्हणून मकोकातले युक्तिवाद साध्या खटल्यात ओढून आणू नयेत. जुनी दोषारोपपत्रे पुरेशी नसतात, नवा गुन्हाही असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सांगितले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्ये संघटित गुन्हेगारीसाठी आता जवळपास हीच रचना देशभर आली आहे.

तडीपारी आणि चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राची कारवाई यांत माणसाचे वर्तन हाच वाद असतो. कलम 49 चे पहिले स्पष्टीकरण अशा ठिकाणी बंदी लावत नाही. सराईतपणा तर सर्वसाधारण लौकिकाच्या पुराव्यानेही दाखवता येतो.

खटल्याचा टप्पा पाहावा

एकच माहिती एका टप्प्यावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही. जामिनाच्या सुनावणीत गुन्हेगारी पार्श्वभूमी पाहिली जाते, कारण तिथे प्रश्न आरोपी पुन्हा गुन्हा करील का, साक्षीदारांना धमकावील का, हा असतो. खटल्यात प्रश्न वेगळा असतो, म्हणून जामिनाच्या आदेशातली पार्श्वभूमी खटल्याच्या पुराव्यात आपोआप येत नाही.

पूर्वीच्या शिक्षेमुळे वाढीव शिक्षा मागायची असेल तर ती दोषारोपात नमूद करावी लागते. पण सत्र खटल्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 259 सांगते, की आरोपी मूळ गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत दोषारोपाचा तो भाग वाचायचा नाही, आरोपीला त्यावर विचारायचे नाही आणि सरकार पक्षाने पुराव्यात त्याचा उल्लेखही करायचा नाही. वॉरंट खटल्यांसाठी कलम 271 मध्ये तशीच तरतूद आहे. दोषी ठरल्यानंतर जुनी शिक्षा कलम 334 प्रमाणे निकालाच्या प्रमाणित उताऱ्याने किंवा तुरुंगाधिकाऱ्याच्या दाखल्याने सिद्ध करावी, आणि शिक्षा झालेला माणूस हाच, हेही सिद्ध करावे. नावसाधर्म्य असलेल्या दोघांची गल्लत झाल्याची प्रकरणे घडतात, म्हणून हा दुसरा भाग सोडू नये.

शिक्षेच्या सुनावणीत पूर्वीच्या दोषसिद्धीला महत्त्व असते. प्रलंबित खटल्यांना मात्र नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या फाशीच्या एका प्रकरणात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसते खटले प्रलंबित असणे आरोपीच्या विरुद्ध धरू नये, असे म्हणून फाशी रद्द केली.

साक्षीच्या वेळी काय करावे

प्रत्यक्षात अग्राह्य मजकूर शिरतो तो बहुधा तपासी अंमलदाराच्या सरतपासणीत. ‘आरोपी हा रेकॉर्डवरील गुन्हेगार असून…’ हे वाक्य सुरू होताच बचाव पक्षाच्या वकिलांनी उठावे, हरकत घ्यावी आणि ती साक्षीत नोंदवून घ्यावी. साक्ष संपल्यावर घेतलेली हरकत अर्धी वाया जाते. कलम 141 (जुने 136) खाली न्यायाधीश सरकार पक्षाला विचारू शकतात, की ही गोष्ट सिद्ध झाली तर ती कशी संबद्ध होते. ही विचारणा करण्याची विनंती करावी. ‘पार्श्वभूमी म्हणून’ एवढेच उत्तर आले तर हरकत जवळजवळ जिंकलीच.

हरकतीवर निर्णय कधी द्यायचा याबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या बिपिन शांतिलाल पांचाल निकालानुसार मजकूर तात्पुरता नोंदवून शेवटी ठरवण्याची रीत होती. 20 एप्रिल 2021 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने फौजदारी खटल्यांतल्या उणिवांवर मार्गदर्शक आदेश दिला. त्यात ही रीत बंधनकारक नसल्याचे सांगून प्रश्नांवरच्या हरकती साक्ष चालू असतानाच, ते न जमल्यास त्या साक्षीदाराची साक्ष संपताच निकाली काढाव्यात असे म्हटले. या आदेशाची प्रत जवळ ठेवावी.

अग्राह्य मजकूर शिरण्याची दुसरी जागा निवेदन पंचनाम्याची. आरोपीने पोलिसांसमोर सांगितलेल्या मजकुरात ‘आधी अमुक ठिकाणीही चोरी केली’ अशी वाक्ये सर्रास असतात. ज्या मजकुरावरून वस्तू सापडली तेवढाच भाग कलम 23 खाली ग्राह्य असतो. पंचनाम्याला निशाणी पडताना उरलेला भाग वगळून घ्यावा.

आरोपीने स्वतः साक्ष द्यायची ठरवली तर त्याची उलटतपासणी होते आणि विश्वासार्हतेवरचे प्रश्न येतात. कलम 151 खाली कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायला लावायचे हे न्यायालय ठरवते. फार जुन्या किंवा किरकोळ गोष्टीवरचे प्रश्न योग्य नसतात. उत्तर आलेच तर त्याचा परिणाम साक्षीच्या विश्वासार्हतेपुरता राहतो, गुन्हा सिद्ध व्हायला त्याचा उपयोग नाही. पीडितेच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांवर मात्र आरोपीला प्रश्न विचारता येत नाहीत. लैंगिक गुन्ह्यांत संमतीच्या मुद्द्यावर ते असंबद्ध आहेत, असे कलम 48 सांगते.

सरकारी वकिलांनीही काळजी घ्यावी. दुसरे कृत्य मांडायचे असेल तर ते कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या मुद्द्यावर, हे साक्षीदार उभा करण्याआधी ठरवावे आणि ते कृत्य साक्षीदारांनी, कागदपत्रांनी सिद्ध करावे. प्रथम माहिती अहवालाची झेरॉक्स जोडून कृत्य सिद्ध होत नाही. अनावश्यक पुरावा घुसवल्याने चांगला खटलाही धोक्यात येतो. एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हार्वी वाइनस्टीन याची 2020 ची शिक्षा चार विरुद्ध तीन मतांनी रद्द केली, कारण आरोपपत्रात नसलेल्या कृत्यांबद्दल इतर स्त्रियांच्या साक्षी घेतल्या होत्या.

भारतात अपिलात मार्ग वेगळा आहे. अग्राह्य पुरावा घेतला गेला एवढ्याने निकाल उलटत नाही. कलम 169 प्रमाणे तो पुरावा बाजूला ठेवून उरलेला पुरावा निकालाला पुरेसा आहे का, ते पाहिले जाते. म्हणून अपिलाच्या अर्जात नुसती तक्रार न करता निकालपत्राच्या कोणत्या परिच्छेदात न्यायाधीशांनी त्या मजकुराचा आधार घेतला, आणि तो काढला तर दोषसिद्धीसाठी काय उरते, हे परिच्छेद क्रमांक देऊन दाखवावे.